सासऱ्यांची खुर्ची

"हीच ना, अप्पा?" बायकोने विचारलं.

दोरीपलीकडे, ठेंगण्या चौथऱ्यावर खुर्ची होती. चौथऱ्याला नवी कागदी पाटी चिकटवलेली: देशाच्या पहिल्या राष्ट्रपतींनी शपथविधीला वापरलेली खुर्ची. खाली कारागीर म्हणून माझ्या सासऱ्यांचं नाव.

सासरे सुतार. त्या दिवसाची खुर्ची आपण केली, हे ते एकोणतीस वर्षं मला ऐकवत आले. मी गोदामात आवक-जावक बघतो. पेटी उघडून पाहिल्याशिवाय पोच देत नाही. या गोष्टीची पोच मी कधीच दिली नव्हती. दर खेपेला खुर्चीची पाठ दोन बोटं उंच व्हायची. शेवटी बायकोने संग्रहालयाला पत्र धाडलं, आणि पंधरा दिवसांत पाटी लागलीसुद्धा. ना चौकशी, ना कागद. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

संग्रहालयाच्या बाई फोटोवाल्याला घेऊन तयार होत्या. "काका, हात ठेवा पाठीवर. तुमच्यासाठी दोरी काढते."

सासऱ्यांनी हात ठेवला नाही. गुडघे धरत खाली बसले आणि खुर्चीखाली डोकं घातलं. बराच वेळ.

"आता नवीन काहीतरी निघणार," मी कुजबुजलो.

"गप्प बसा हो," बायको.

सासरे उठले. "ही माझी नाही."

"अहो, तुम्हीच तर सांगता," मी म्हणालो.

"माझीत लोखंड नव्हतं. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. हिला स्क्रू आहेत."

"मागाहून दुरुस्ती झाली असेल," बाई म्हणाल्या.

"मग खुंट्यांची भोकं कुठे गेली? बुजवली तरी दिसतात. हिला पडलेलीच नाहीत."

"काका, एवढं वाकून कोण बघणार आहे?"

"मी बघितलं ना."

"अप्पा, असू दे," बायको म्हणाली. "नाव लागलंय तुमचं. आणखी कुठे लागणार आहे?"

त्यांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"मग तुमची कुठेय?" मी विचारलं. खोचक विचारायचं होतं, जमलं नाही.

"काय माहीत. फोडून चुलीत घातली असेल कुणी."

थापाड्या माणसाने हात ठेवून फोटो काढून घेतला असता.

"पाटी उद्या बदलू," बाई म्हणाल्या.

"उद्या कशाला?"

सासरे पुन्हा खाली बसले. नखाने पाटीचा एक कोपरा उचलला आणि कागद कुठे फाटू न देता, हळूहळू, आपलं नाव सोडवून घेतलं.