सुई कोणी उचलली

पहिल्या दिवशी प्रशिक खोटं बोलला नव्हता. रामटेकच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी विक्रमनं त्याची गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि हेल्मेट काढता काढता विचारलं, "काय केलं बे हिले? आपल्या दोघांच्या सेम गाड्या, अन् तुही अशी काहून सुटते?"

"काही नाही गा, कार्बोरेटर सेट केला," प्रशिक म्हणाला. "घरीच."

"घरीच? एक नंबर, मास्तर!"

विक्रमनं त्याच्या पाठीवर थाप मारली, बाकीच्यांनी गाडीभोवती कोंडाळं केलं. काम घरीच झालं होतं, यात शंका नव्हती. फक्त ते प्रशिकच्या बायकोनं, प्रीतीनं केलं होतं. तेवढंच सांगायचं राहिलं. सांगायला तोंड उघडलंही होतं त्यानं, पण समोरचे सगळे इतक्या कौतुकानं पाहत होते की उघडलेल्या तोंडातून "चहा सांगा रे" एवढंच निघालं.

गाडी उंच, लांब शॉकअपची, डांबरावर चालते तशी शेताच्या बांधाधुऱ्यावरही चालणारी. प्रशिक सावनेरच्या एका ज्युनियर कॉलेजात अकाउंट्स शिकवायचा आणि बेसा इथल्या घरून रोज तिच्यावरच जायचा. कमी वेगात ती गचके खायची. सर्व्हिसिंगवाला म्हणाला, कंपनीतून अशीच येते, सवय करून घ्या.

प्रीतीला ते पटलं नाही. ती धंतोलीतल्या एका लॅबमध्ये दातांच्या टोप्या आणि कवळ्या बनवते. टोपी केसभर जाड झाली तर पेशंटला घास चावता येत नाही, असलं ते काम. आठवडाभर जेवताना तिनं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून व्हिडिओ पाहिले. कार्बोरेटरमध्ये एक बारीक सुई असते, ती जितकी वर तितकं पेट्रोल जास्त. धूर कमी निघावा म्हणून ती मुद्दाम खाली ठेवलेली असते. एवढं समजल्यावर शनिवारी तिनं टाकी उतरवली, सुईखाली दोन पातळ वायसर, त्या गोल चकत्या, सरकवले, हवेच्या डब्यावरची रबरी नळी काढली आणि कानानं आवाज ऐकत स्क्रू फिरवत बसली. गाडी पाववाल्याच्या सायकलसारखी गुमान चालायला लागली. प्रशिकनं टॉर्च धरली होती, तीही दोनदा भलत्याच ठिकाणी.

टपरीवरच्या त्या दिवसानंतर मात्र खोटं सुरू झालं. टपरीवरच्या गाडीवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर लोक त्याला मास्तर म्हणून प्रश्न विचारू लागले. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सहज विचारल्यासारखं विचारायचा, "प्रीती, ते वायसर सुईच्या वर की खाली वं?" ती फोडणी देता देता सांगायची. तो बाहेर जाऊन तेच लिहायचा आणि खाली एक अंगठा टाकायचा. एकदा ती कौतुकानं म्हणालीसुद्धा, "आता तुले चांगला इंटरेस्ट येऊन राहिला." त्या दिवशी तो ताटावरून लवकर उठला. पण म्हणून त्यानं लिहिणं थांबवलं, असंही नाही.

मग एका रविवारी सकाळी विक्रम आणि ग्रुपमधला अपूर्व न कळवताच येऊन धडकले. सोबत तर्री-पोह्यांचं पार्सल. दोघांच्या गाड्या खाली पार्किंगमध्ये लावलेल्या.

"उद्या पचमढीले निघून राहिलो," विक्रम म्हणाला. "हा अपूर्वबी येणार माह्या मागं बसून. चढावर गाडीनं दम टाकू नये. मास्तर, तुमच्या हातानं होऊन जाऊ द्या."

प्रीती पोह्यांसाठी प्लेटा घेऊन आली होती. "कोणाच्या हातानं?" तिनं विचारलं.

"आमच्या मास्तरच्या, वहिनी. तुम्हाले माहीत नाही? अख्खा ग्रुप ह्याचं ऐकते."

प्रशिक पोह्यांवर लिंबू पिळत होता. लिंबात रस उरला नव्हता तरी पिळत होता. प्रीतीनं त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात तिची हत्यारांची पेटी होती. ती तिनं त्याच्या मांडीवर ठेवली.

"घे," एवढंच म्हणाली.

त्या क्षणी सांगता आलं असतं. पुढं कितीतरी दिवस तो त्या क्षणापाशी परत परत जात राहिला. पण तेव्हा तो पेटी घेऊन जिना उतरला.

विक्रमच्या गाडीची टाकी उतरली, कारण टाकी उतरवताना त्यानं पाहिलं होतं. कार्बोरेटरच्या झाकणाचे स्क्रूही निघाले. झाकण मात्र चिकटून बसलं होतं. अपूर्व मोबाइलवर शूटिंग करत होता. प्रशिकनं फटीत स्क्रू फिरवायचा पेचकस घातला आणि उचकलं. झाकण निघालं, स्प्रिंग उडून गाडीखाली गेली, आणि आतल्या पातळ रबरी पडद्याची कड पेचकसाच्या टोकाला टर्रकन फाटली. ह्या पडद्याच्या जोरावरच सुई वर उचलली जाते. तो फाटला की गाडी चालू होते, पण ओढत नाही.

"काय झालं?" विक्रम वाकला.

"एक मिनिट," म्हणून प्रशिक दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. प्रीती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"प्रीती, ऐक ना. पडदा फाटला. चल ना खाली."

"तू सांग त्याईले, हे काम माहं नाही म्हणून. मग येते मी."

"आता कसं सांगू वं?"

"जे तेव्हा नाही सांगितलं, ते आता सांग." ती वळली नाही.

तो खाली गेला. दोघं त्याच्या तोंडाकडे पाहत होते. आणि त्याच्या तोंडून आलं, "विक्रम, रबर कुजलेलंच होतं यार. हात लावला अन् फाटलं. जुनं झालं की होते असं."

विक्रमनं फाटका पडदा बोटांत धरला, उजेडात पाहिला. "हो का," म्हणाला. "मग पचमढी गेली."

जिन्यात पावलं वाजली. प्रीतीनं सगळं ऐकलं होतं, हे प्रशिकला तिच्याकडे न पाहताच कळलं. केस वर बांधून ती सरळ त्यांच्या स्वतःच्या गाडीपाशी बसली. टाकी उतरवली, झाकणाला पेचकसाच्या मुठीनं हलकेच टिचक्या मारल्या, ते आपसूक सुटलं. चांगला पडदा सुईसकट अलगद बाहेर काढला, विक्रमच्या गाडीत बसवला, कड बोटानं फिरवून पाहिली. गाडीखालची स्प्रिंग तिनं मागितली, तेव्हा अपूर्वनं शोधून दिली. मग गाडी चालू करून, मान कलती करून, ती स्क्रू फिरवत राहिली.

"वहिनी, हा स्क्रू काहून फिरवायचा?" अपूर्वनं विचारलं. तिनं सांगितलं. विक्रमनंही काही विचारलं, तेही सांगितलं. प्रशिक खांबाला टेकून उभा होता. कोणी त्याला काही विचारलं नाही, टोमणा मारला नाही, कोणी हसलंही नाही. हसले असते तर निदान चिडता तरी आलं असतं.

गाड्या निघाल्या तेव्हा तो फाटकापर्यंत मागं गेला.

"विक्रम, रबर कुजलं नव्हतं. पेचकसानं फाटलं. माह्या हातानं."

"दिसलं होतं गा मले," विक्रम म्हणाला. "कड ताजी होती."

"अन् माही गाडीबी पहिल्यापासून तिनंच..."

"ते तं आता दिसलंच ना." विक्रमनं हेल्मेट घातलं, आणि पुढचं काही बोलला असेल तर ते ऐकू आलं नाही. कबुली द्यायला प्रशिक इतका उशिरा पोचला होता की तिची कोणाला गरजच उरली नव्हती.

वर प्रीती साखर आणि साबण चोळून हातांचं ग्रीस काढत होती. तो मोरीच्या दारात उभा राहिला.

"एक सांग," ती नळ बंद करून म्हणाली. "पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं? खरं सांग. आज खोटं भरपूर ऐकलं."

तो फरशीकडे पाहत म्हणाला, "वाटलं, हसतील. बायकोनं गाडी केली म्हणून."

"म्हणजे तुले माही लाज वाटली."

नाही म्हणायला त्याची जीभ उचलली गेली, पण तेही खोटंच झालं असतं. "हो," तो म्हणाला.

प्रीतीनं टॉवेलला हात पुसले. प्रत्येक बोट वेगळं पुसलं. रडली नाही, ओरडली नाही. "बरं झालं बोलला," एवढं म्हणून ती आत गेली आणि तिनं खोलीचं दार लोटून घेतलं. कडी लावली नाही. पण ते उघडायची हिंमत प्रशिकला झाली नाही.

तो टेबलापाशी बसला आणि ग्रुपवर लिहू लागला. आधी लांबलचक लिहिलं, त्यात स्वतःची बाजूही जरा होती. ती खोडली. शेवटी उरलं ते असं: माझ्या गाडीचं सगळं काम प्रीतीनं केलं आहे. तुम्हाला आजवर जे सांगितलं तेही तिचंच. मी फक्त माझ्या नावानं लिहीत होतो. विक्रमच्या गाडीचा पडदा मी फाडला.

पाठवून त्यानं मोबाइल पालथा घातला. येणाऱ्या उत्तरांनी तो टेबलावर थरथरत राहिला. प्रशिकनं पोह्यांच्या प्लेटा उचलल्या आणि मोरीत घासायला बसला. तर्रीचा लाल तवंग वाळून गच्च बसला होता, निघता निघत नव्हता.