पाच मिनिटं निरोपाला

"शिडी नीट धर. पडलो तर तुझ्याच डोक्यावर पडेन, आधीच सांगून ठेवतो."

"पड की. आत काही असेल तर लागेल ना!"

टिकटिक्याचं अर्धं अंग शाळेच्या घड्याळात होतं आणि अर्धं बाहेर. घड्याळ म्हणजे काय, उभं कपाटच. तबकडी परातीएवढी, लंबक माझ्या मांडीएवढा. व्हरांड्याच्या मधोमध, हेडसरांच्या खोलीसमोर ते टांगलेलं असे. टिकटिक्या गावातला घड्याळ दुरुस्त करणारा. दर सोमवारी चावी द्यायला यायचा. मी शाळेचा शिपाई. त्या घड्याळाकडे बघून टोल द्यायचो.

"आज दहा मिनिटं मागे," कपाटाच्या आतून आवाज आला. "नवी चकती आणलीय. आठवडाभर घासत होतो."

माझा हात शिडीवरून सुटला. "अरे, आज हेडसरांची मुलगी चाललीय. पाच वीसच्या बोटीनं."

"मग? मी काय इतके दिवस पाळण्याला टांगायची चकती घासत होतो?"

आता हे नीट कळायचं तर बत्तीस वर्षं मागे जावं लागेल. मी खोटं बोलत नाही. फार तर थोडं पुढे लावतो.

टिकटिक्या आणि मी एका बाकावर बसायचो. वय वर्षं दहा. त्याचा बाप जहाजावर इंजिनाला तेल घालायच्या कामावर होता. दोन वर्षांनी एकदा घरी यायचा, तोही जेमतेम आठवडाभर. त्या वर्षी आला तो शाळेच्या ऐन मध्यावर. बापानं आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीचा सदरा घातला आणि अर्ज घेऊन शाळेत आला. अर्ज मीच लिहून दिला होता, त्यात पाच चुका होत्या. मागणं एवढंच, की पोराला तीन दिवस सोडा.

हेडसर तेव्हा नवेनवे हेडसर झालेले, मिशीसुद्धा पुरती आली नव्हती. दोन्ही हात मागे बांधून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे, म्हणून पोरं त्यांना लंबक म्हणायची. त्यांनी अर्ज वाचला. आधी चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या, मग म्हणाले, "कुटुंबासाठी सुट्ट्या असतात."

"सुट्टीत माझं जहाज येत नाही, साहेब."

"मग जहाजाला सांगा. आज तुम्हाला तीन दिवस दिले, उद्या दुसरा पाच मागेल. नियम आहे. मी शाळा चालवतो, सवलती वाटत नाही."

बाप अडाणी. त्याला वाटलं, शिकलेला माणूस म्हणतोय तर बरोबरच असणार. पोराला म्हणाला, "जा रे, शीक. मी बाहेर आहे." आणि तीन दिवस तो खरंच शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिला. मधल्या सुट्टीत गजांतून हात घालून पोराच्या डोक्यावर फिरवायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला त्याची बोट होती. शाळाही पाचलाच सुटायची. साडेचारला फाटक रिकामं झालं. टोल पडला आणि त्याच क्षणी बोटीचा भोंगा ऐकू आला. टिकटिक्या दप्तर टाकून धक्क्यापर्यंत धावला. पाण्यावर नुसता तेलाचा तवंग होता.

बाप परत आला नाही. जहाज कंपनीचं एक पत्र आलं. तेही मीच वाचून दाखवलं. त्यात एकही चूक नव्हती.

तेव्हापासून हे बेणं घड्याळाच्या मागे लागलं. घरातलं गजराचं घड्याळ उघडलं, शेजाऱ्याचं उघडलं, असं करत करत धक्क्याच्या रस्त्यावर दुकान टाकलं. बाविसाव्या वर्षी शाळेच्या घड्याळाला चावी द्यायचं काम मिळवलं. पहिल्याच सोमवारी त्यानं आत एक पितळेची चकती बसवली. दिवसातून एकदा फिरायची. शाळेच्या वेळात लंबकाला केसभर वर उचलायची, म्हणजे घड्याळ पळायचं; शाळा सुटली की हळूच खाली सोडायची, म्हणजे ते रेंगाळायचं. सकाळी अगदी बरोबर, संध्याकाळी पाच मिनिटं पुढे.

"रोज पाच मिनिटं, वर्षाचे दोनशे सोळा दिवस," तो मला म्हणाला होता. "किती झाले?"

"मी शिपाई आहे, बाबा. गणित येत असतं तर मास्तर झालो नसतो?"

"अठरा तास. शाळेचे तीन दिवस पुरते. दर पोराला, दर वर्षी. अर्ज न करता."

असं वीस वर्षं चाललं. शाळा सुटायच्या वेळी गल्लीतली कुत्री आपापल्या पोराला घ्यायला फाटकाशी येऊन बसत, तीसुद्धा पाच मिनिटं आधी यायला लागली. समोरच्या घरातली कोंबडी टोलावर अंडं घालायची; तिचं अंडं जरा कोवळं पडायचं म्हणतात. शिक्षकांच्या मनगटांवर घड्याळं नव्हती असं नाही. पण पाच मिनिटं लवकर घरी सोडतात म्हणून तक्रार करणारा नोकरदार मला अजून भेटायचाय. मोबाइल यायच्या आधीचे दिवस ते.

हेडसरांचे मात्र हाल कुत्रा खात नव्हता. सकाळी त्यांचं मनगटी घड्याळ शाळेच्या घड्याळाशी जुळायचं, संध्याकाळी पाच मिनिटं मागे दिसायचं. मग टोल पडताना ते शाळेच्या घड्याळाकडे बघून स्वतःचं पुढे करायचे आणि सकाळी पुन्हा मागे घ्यायचे. शाळेचं घड्याळ चुकेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. सहा वेळा मनगटी दुरुस्तीला दिलं. कुणाकडे? टिकटिक्याकडेच.

"तुमची नाडी मंद आहे, सर," टिकटिक्या भिंगातून बघत गंभीरपणे सांगायचा. "घड्याळाला तिची सवय लागते."

तेव्हापासून हेडसर रोज सकाळी व्हरांड्याच्या चार फेऱ्या जास्त मारायला लागले.

तर तो सोमवार. हेडसरांची एकुलती एक मुलगी नवऱ्यासोबत दूर देशी राहायची. चार वर्षांनी आली होती, फक्त आठ दिवसांसाठी. त्या आठ दिवसांत हेडसरांनी एकही रजा घेतली नव्हती. दुपारी दोनला ती फाटकाशी आली. कडेवर दीड वर्षाची लेक.

"काका, बाबांना बोलवता?"

हेडसर आले. फाटक मी उघडत होतो, तर म्हणाले, "राहू दे. मधली सुट्टी संपलीय." गजाच्या आत ते, बाहेर ती.

"बाबा, आजचा अर्धा दिवस तरी सुट्टी घ्या ना. हिला धड मांडीवर सुद्धा घेतलं नाहीत तुम्ही."

"मीच गेलो तर पोरांना कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"म्हणजे बोटीवर येणार नाही?"

"का नाही? टोल पाचला. धक्का पंधरा मिनिटांवर. बोट पाच वीसला. पाच मिनिटं निरोपाला."

ती हसली. हसली म्हणजे ओठ हलले. "मला शाळेत शंभर टक्के हजेरीचं पदक मिळालं होतं ना, बाबा, त्या वर्षी आई दवाखान्यात होती. आठवतं?"

हेडसरांनी गजांतून बोट पुढे केलं, नातीनं ते धरलं. मग तास बदलायची वेळ झाली आणि त्यांनी ते सोडवून घेतलं.

मी गेलो टोल द्यायला. माझ्या खिशातल्या घड्याळात तास बदलून सहा मिनिटं झाली होती.

साडेचारलाच मी टोलाशी येऊन उभा राहिलो. टोलाचा हातोडा माझ्याच हातात होता. मनात आलं, आज आपल्या खिशातलं घड्याळ बघून टोल द्यावा. मग तो इस्त्रीचा सदरा आठवला. बापाचा हात गजांतून आत यायचा तेव्हा त्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत गंजानं तांबडी व्हायची.

खरे पाच वाजले. तबकडीवर पाचला दहा कमी. हेडसर खोलीतून बाहेर आले. त्यांनी मनगट बघितलं, मग वर बघितलं, मग मनगट कानाशी नेलं.

"सर," मी म्हणालो, "देऊ का टोल? आजच्या दिवस?"

"घड्याळ काय म्हणतंय?"

"दहा मिनिटं आहेत."

"मग मला काय विचारतोस? टोल घड्याळाचं तोंड बघून द्यायचा, माझं नाही."

दहा मिनिटं ते व्हरांड्यात फिरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही हात मागे. मी टोल दिला तेव्हा त्यांनी आधी मनगटी घड्याळ दहा मिनिटं मागे केलं, शाळेच्या घड्याळाशी जुळवलं आणि मगच निघाले. धावले नाहीत. धावायची गरजच नव्हती. हिशेब बरोबर होता.

ते धक्क्याच्या रस्त्याच्या अर्ध्यापुढे गेले असतील, तेव्हा भोंगा वाजला.

मी टिकटिक्याच्या दुकानात गेलो. भिंतीवर चाळीस घड्याळं, सगळी एका सुरात. तो दारात उभा होता. डोळे असे चमकत होते, जणू आत्ताच कुणी त्यांना तेलपाणी केलंय.

"गेला इथून. मनगट बघत," तो म्हणाला. "आता येईल. आता विचारेल मला. आणि मी सांगणार. बत्तीस वर्षं तोंडात धरलंय रे! सगळं सांगणार, अर्जातल्या पाच चुकांसकट."

पण त्या दिवशी हेडसर दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मी तिथेच होतो. ही मजा मी कशी चुकवणार? त्यांच्या हातात एक कागद होता. अक्षर नेहमीसारखं ताठ.

"काल बोट दहा मिनिटं आधी सुटली," हेडसर म्हणाले.

टिकटिक्याच्या डोळ्यातलं भिंग घरंगळून टेबलावर पडलं. "कोण? बोट?"

"बोट. मी पाच पंधराला धक्क्यावर होतो. माझं घड्याळ शाळेच्या घड्याळाशी लावलेलं होतं. कंपनीकडे तक्रार केलीय. पण त्याचं काही नाही." ते थांबले. उभ्या आयुष्यात मी त्यांना वाक्य शोधताना पाहिलं नव्हतं. "मुलीनं धक्क्यावरच्या माणसाजवळ चिठ्ठी ठेवली होती. 'ठाऊकच होतं', एवढंच. तिला वाटतंय, मी मुद्दाम उशिरा निघालो. तिला पत्र पाठवतोय. घड्याळाला चावी तुम्ही देता. तुम्ही फक्त लिहून द्या, की काल शाळेचं घड्याळ बरोबर होतं. सही केलेला कागद बघितला तर तिचा विश्वास बसेल."

त्यांनी कागद पुढे ठेवला. चाळीस घड्याळं टिकटिक करत होती. मी टिकटिक्याकडे बघत होतो. आता हा फुटणार. चकती तिथेच टेबलावर पडली होती, जुनी पाच मिनिटांची, कागदाच्या कोपऱ्याला टेकून. एक शब्द बोलला असता तर हेडसरांना सगळं कळलं असतं. आणि मुलीलाही कळलं असतं, की बाप वेळेवर निघाला होता.

टिकटिक्यानं कागद उचलला. वाचला. सगळा वाचला. मग लाल पेन्सिल घेतली आणि एका शब्दाखाली रेघ मारली.

"इथे चूक आहे, सर," तो म्हणाला. "आणि सही जमणार नाही. आज तुम्हाला दाखला दिला, उद्या दुसरा मागेल. नियम आहे. मी घड्याळं चालवतो, सवलती वाटत नाही."

हेडसरांनी कागदावरून नजर उचलून त्याच्याकडे बघितलं. ते शब्द त्यांना ओळखीचे वाटले का, देव जाणे. त्यांनी ते इतक्या जणांना ऐकवले होते, की कोणाकोणाला हे आठवणं कठीणच.

"नियम असेल तर प्रश्नच नाही," ते म्हणाले. कागदाची घडी घातली, घडीवर नख फिरवलं, "त्रास दिला," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," टिकटिक्या म्हणाला. भिंग डोळ्याला लावून तो वाकून काम करायला लागला. टेबलावर त्याच्यासमोर काहीही नव्हतं.

पुढच्या सोमवारी शिडी मीच धरली. त्यानं नवी चकती काढली. मी जुनी पुढे केली, तर म्हणाला, "नको. राहू दे." त्या दिवसापासून शाळा बरोबर पाचला सुटू लागली. पोरांची पाच मिनिटं गेली. कुत्री फाटकाशी ताटकळायला लागली.

हेडसर त्याच वर्षी निवृत्त झाले. रोज पाचला, टोल ऐकून, ते घरातून निघतात. शाळेला वळसा घालून पाच पंधराला धक्क्यावर पोचतात. हात मागे बांधून ताठ उभे राहतात. बोट पाच वीसला सुटते. ती वळेपर्यंत बघतात आणि परत जातात.

टिकटिक्याही पाचला दुकानाचं दार ओढून घेतो आणि तिथे जातो.

"तू कशाला मरायला जातोस रे?" मी एकदा विचारलं.

"मजा बघायला," तो म्हणाला.

मी एकदा मागोमाग गेलो. हेडसर बोट बांधायच्या एका खुंटाशी उभे होते, टिकटिक्या दहा हातांवर दुसऱ्या खुंटाशी. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. भोंगा वाजला. बोट सुटली, आणि टिकटिक्याचा हात आपोआप कोपरापर्यंत पुढे गेला, जणू मध्ये गज आहेत.