नोझलचा बोर्ड

माझा केकच्या सामानाचा पसारा आवरायचं आमच्या ह्यांनी ठरवलं तेव्हा मी हो म्हणाले. नाही म्हणायलाही थोडा उत्साह लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. एरवी मी त्यांना त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नसतं. सोळा वर्षं मी तिथे केक सजवले आणि सोळा वर्षं हे दारात उभे राहून विचारत आले, की या उकिरड्यात तुला वस्तू सापडतात तरी कशा. सापडायच्या. क्रीमची फुलं काढायची नोझल बिस्किटांच्या डब्यात, कटर चपलांच्या खोक्यात, रंगाच्या बाटल्या फुटक्या पातेल्यात आणि साखरेचे मोती जुन्या लोणच्याच्या बरणीत. माझ्या हाताला ते पाठ होतं.

हे एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांच्या खिडकीतून साधा पाना बाहेर जायचा तो सही घेऊनच. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचं स्टोअर केलं. स्क्रूंच्या बाटल्या, औषधांचा डबा, बल्ब, दोऱ्या, सगळ्यांना एकेक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलं. कार्डावर वस्तूचं नाव, किती नग, कुठल्या तारखेला आली. मिठाच्या डब्यालाही कार्ड लागलं तेव्हा मी ते काढून त्यांच्याच चष्म्याला बांधलं होतं. तेव्हा मला असल्या गोष्टी सुचायच्या.

नऊ महिन्यांपूर्वी काचेचा केकस्टँड पुसताना माझ्या हातात फुटला. काच उजव्या मनगटात शिरली आणि नसा तुटल्या. ऑपरेशन झालं, टाके पडले, टाके निघाले. बोटं मिटतात, तीही अर्धवट. पण चिमटीत काही धरता येत नाही, आणि हाताला काय लागलंय ते कळत नाही. गरम कप धरला तर कातडी लाल झाल्यावर समजतं. सर्जन म्हणाले होते, नस हळूहळू वाढते, वाट बघावी लागेल. म्हणून मी वाट बघत होते. मला दुसरं काही येतच नव्हतं. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, खिडकीत बसायचं. लोकांना वाटायचं मी फार धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. मनगटाच्या खालचं जसं बधिर झालं तसंच वरचंही झालं होतं, एवढंच.

रोज चहानंतर हे एक मऊ रबरी चेंडू आणायचे आणि माझ्या उजव्या तळव्यात ठेवायचे. मी दाबायची आणि हे मोजायचे. एक ते वीस. माझी बोटं चेंडूवर जेमतेम टेकायची, पण ह्यांचा आकडा कधी चुकला नाही. विसावा झाला की म्हणायचे, कालच्यापेक्षा बरं आहे. त्या वीस आकड्यांवर माझा दिवस उभा असायचा. बाकीचं काही जाणवत नसलं तरी हात परत येणार हे मी धरून बसले होते.

दोन महिन्यांपूर्वी हाताची तपासणी झाली. सुया टोचून, यंत्राला तारा जोडून. रिपोर्ट आणायला हे एकटेच गेले. तू कशाला दगदग करतेस म्हणाले. आले ते भाजी घेऊन आले आणि म्हणाले, वेळ लागेल म्हणतात. मी म्हटलं, बरं. त्यानंतर दोन-चार दिवसांनीच त्यांनी आवराआवरीचा विषय काढला. परत सुरू करशील तेव्हा शोधाशोध नको, असं म्हणाले.

आवरणं चांगलं दीड महिना चाललं. हे एकेक खोकं बाहेरच्या खोलीत आणायचे, जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि मला खुर्चीत बसवून जबानी घ्यायचे. हे काय, ते काय. क्रीम भरून दाबायच्या पायपिंगच्या पिशव्या, त्यांना नोझल घट्ट बसवायचे प्लास्टिकचे कपलर, पाकळ्या कापायचे कटर, क्रीम सपाट करायचे पॅलेट नाइफ. साखरेचे रुपेरी मोती त्यांनी तळहातावर घेऊन बराच वेळ निरखले आणि हे छर्रे कुठल्या बेअरिंगमधले, असं विचारलं. एरवी मी तासभर हसले असते. त्या दिवशी मी सांगितलं, खायचे आहेत. त्यांनी कार्डावर लिहिलं, मोती, खायचे.

फाँडंटचा, म्हणजे केकवर लाटून घालायच्या साखरेच्या पिठाचा, एक गोळा दगड झाला होता, तो टाकला. मुदत संपलेले अकरा रंग टाकले. रंगीत साखरेत मुंग्या झाल्या होत्या. गंजलेली चार नोझल निघाली, मी धुऊन न पुसता ठेवली असणार. त्यावर हे काही बोलले नाहीत. कारखान्यात ओला पाना परत देणाऱ्याला हे खिडकीबाहेर उभं करायचे, म्हणून मला जरा नवल वाटलं, पण तेही फार नाही.

नोझलचे नंबर लावणं सगळ्यात अवघड गेलं. नंबर बारीक कोरलेला असतो आणि आमचे दोघांचेही डोळे साठीचे. मी कधी नंबर वाचलाच नव्हता. बोटाच्या टोकाने तोंड चाचपलं की कळायचं, हे पाकळीचं, हे पानाचं, हे अक्षरं लिहायचं. सवयीने मी एक उचलायला गेले, उजव्यानेच. नोझल बोटांतून निसटून वर्तमानपत्रावर पडलं. ह्यांनी ते उचललं, भिंग लावून नंबर वाचला आणि पुढे चालू केलं.

काम करताना हे कारखान्यातल्या गोष्टी सांगत. त्यातली एक डावखुऱ्या फिटरची. हत्यारं टांगायला मोठा बोर्ड असायचा. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच दिसावं. हा फिटर हत्यारं उलट्या तोंडाने टांगायचा आणि रोज ह्यांच्या शिव्या खायचा. एक दिवस ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की मुठी सगळ्या उजवीकडे आहेत, तो बिचारा काय करणार. मग त्याच्यासाठी ह्यांनी वेगळा बोर्ड केला, सगळा उलटा. मी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या इमारतीचं रंगकाम चालू होतं.

लेक दर रविवारी फोन करते. ती दुसऱ्या शहरात असते. आधी तिचा पहिला प्रश्न असायचा, बोटं कशी आहेत. अलीकडे ती पडद्यांबद्दल बोलायची, तिच्या ऑफिसातल्या लिफ्टबद्दल बोलायची. मला वाटलं, कंटाळली असेल. कंटाळण्यासारखंच होतं.

शेवटचा आठवडा ह्यांनी मला खोलीत येऊ दिलं नाही. रंग ओला आहे म्हणाले. आतून ड्रिलचा आवाज यायचा, टेबल सरकवल्याचा यायचा. एका शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, शर्ट बदलला आणि मला बोलावलं. शर्ट कशाला बदलला ते मला कळलं नाही.

खोली ओळखू येत नव्हती. खालच्या फळीवर पारदर्शक डबे, प्रत्येकावर कार्ड. रंगाच्या बाटल्या झाकणं वर करून एका रांगेत, फिक्यापासून गडदपर्यंत. नोझल लाकडी पट्टीतल्या खुंट्यांवर उभी, खाली टपोऱ्या अक्षरांत नंबर. भिंतीवर पांढरा बोर्ड आणि त्यावर निळ्या रंगात आकृत्या, पॅलेट नाइफची, ब्रशची, लाटण्याची, कात्रीची, आणि त्या त्या आकृतीवर ती ती वस्तू. इतकं सुंदर काम मी त्यांच्या हातचं पाहिलं नव्हतं. छान झालंय, असं मी म्हणाले. म्हणायला हवं होतं म्हणून म्हणाले.

मग मी टेबलाशी उभी राहिले. सोळा वर्षांची सवय, पिशवी घ्यायला उजवा हात आपोआप बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. मोकळी भिंत होती. टेबल समोरच्या भिंतीला गेलं होतं. बोर्ड माझ्या डाव्या अंगाला होता. नोझलची पट्टी डावीकडे, पिशव्या डावीकडे. केक फिरवायची चकती मात्र उजवीकडे सरकवलेली, कारण ती नुसती ढकलायची असते, तिला बोटं लागत नाहीत. पॅलेट नाइफच्या मुठी सगळ्या एकाच दिशेला होत्या.

मी डाव्या हाताने कात्री काढली. ती माझी कात्री नव्हती. बोटं त्यात नीट बसली, आणि डाव्या हाताची बोटं उजव्याच्या कात्रीत नीट बसत नाहीत हे नऊ महिन्यांत मला चांगलं माहीत झालं होतं. आकृतीखाली कार्ड होतं. कात्री, डाव्या हाताची, एक नग. आणि आवक तारीख. हे तारीख कधी खोटी घालत नाहीत. स्टोअरकीपरच्या हातून ते होतच नाही. एकोणीस तारीख होती, दोन महिन्यांपूर्वीची. रिपोर्ट त्यांनी चौदाला आणला होता.

मी कार्ड दोनदा वाचलं. हे माझ्या मागे उभे होते, काहीतरी बोलत होते, की आर्द्रता शोषायच्या पुड्या डब्यांत टाकल्यात, दर दोन महिन्यांनी बदलायच्या.

"रिपोर्टमध्ये काय होतं?" मी विचारलं.

मी वळले नाही. वळले असते तर त्यांनी परत भाजीची पिशवी पुढे केली असती.

"नस जुळली नाही," हे म्हणाले. "आता येणार नाही म्हणाले. आहे तेवढंच राहील."

"लेकीला माहीत आहे?"

"आहे."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. बाहेर रंगाऱ्यांनी शिडी सरकवली. मी हातातल्या कात्रीकडे बघत होते. आणि मग मला राग आला, खरा राग, नऊ महिन्यांत पहिल्यांदा. हाताचा नाही आला. चेंडूचा आला.

"रोज वीस मोजत होतात," मी म्हणाले. "दोन महिने. कालच्यापेक्षा बरं आहे म्हणत होतात."

हे स्टुलावर बसले. म्हणाले, सांगणार होतो, रोज सांगणार होतो, चहा झाला की सांगायचं असं ठरवूनच उठायचो. पण तू चेंडूकडे हात पुढे करायचीस, दिवसभरात तेवढ्यापुरतंच तुझं तोंड जिवंत दिसायचं. ते कसं बंद करू. मग वाटलं, आधी खोली तयार करू, खोली दाखवू आणि मग सांगू. म्हणजे तुझ्या हातात नुसता नकार पडणार नाही. एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि बदललेल्या शर्टाला पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

माझं काही समाधान झालं नाही. मी त्यांना तसं सांगितलंही. म्हटलं, माझा हात होता, बातमी आधी मला कळायला हवी होती, तुमच्या कार्डाला नंतर. ते हो म्हणाले. बोर्ड काढून टाकू का, असं विचारलं. अगदी हळू विचारलं. खिडकीतून सही न करता काही मागितल्यासारखं.

मी कात्री परत टांगायला गेले. डाव्या हाताने टांगताना टाचा वर कराव्या लागल्या. माझा डावा खांदा तसाही जुना दुखरा आहे, ते ह्यांच्या हिशेबात आलं नव्हतं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तरी कात्रीची कडी खुंटीत अडकेना. मी ती टेबलावर ठेवून दिली.

"फार उंच लावलाय," मी म्हणाले. "चार बोटं खाली घ्या."

हे उठले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. संध्याकाळपर्यंत बोर्ड उतरवून त्यांनी नव्याने भोकं पाडली. मी त्याच खोलीत बसून होते. मधे एकदा त्यांनी पेन्सिलीची खूण करून माझ्याकडे पाहिलं, मी आणखी खाली म्हणून बोट दाखवलं. रडू आलं नाही. रात्रीचं जेवणही नेहमीसारखंच झालं, मी अर्धी पोळी टाकली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहा झाल्यावर हे उठले, सवयीने खणातून चेंडू काढला आणि मग लक्षात येऊन तिथेच थांबले. चेंडू मुठीत लपवावा तसा धरून उभे राहिले. तो परत खणात टाकावा की काय करावं, ते त्यांना समजत नव्हतं.

माझा उजवा हात मांडीवर होता. तो मी तिथेच राहू दिला. डावा पुढे केला. पिशवी दाबायची तर त्याला ताकद लागणार होती.

ह्यांनी चेंडू माझ्या डाव्या तळव्यात ठेवला. तो गार होता. इतके महिने तो गार आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. मी दाबला.

"एक," हे म्हणाले. मी थांबले, दोनची वाट बघत. ते यायला बराच वेळ लागला.