वस्तादांचा लाख

घरातली एखादी तरी वस्तू आपल्यामुळे चालते, असं घरजावयाला वाटावं लागतं, नाहीतर त्याला अन्न पचत नाही. या जावयाने आधी गीझर सुधारला, तो गेला. मग मिक्सर सुधारला, तोही गेला. आता त्याची नजर टीव्हीखालच्या छोट्या कॉम्प्युटरवर होती.

सासरे न्हावी. सगळी गल्ली त्यांना वस्ताद म्हणायची. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात थरथरायचा आणि पुढच्या खोलीतल्या दुकानाचं शटर बंद होतं. म्हणून मुलीने पत्त्यांच्या कॅटाएवढा तो कॉम्प्युटर आणून त्यात जुने गेम भरले. आकाशातून दगड पडतात, ते बंदुकीने फोडायचे. तेवढाच हाताला व्यायाम.

आणि काय सांगावं! आठवड्यागणिक वस्तादांचे पॉइंट चढत गेले. चहा अजून निम्मा बशीत आणि निम्मा लेंग्यावर सांडायचा, पण पॉइंट बोलत असताना चहाला कोण विचारतो? लाख झाले की दुकान उघडायचं, असं वस्तादांनी ठरवून टाकलं.

"पहिली दाढी माझी," जावयाने जेवताजेवता सांगून टाकलं. "मान तुमच्या हवाली!" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

लाख अगदी तोंडावर आले, तेव्हा जावयाच्या लक्षात आलं की दगड वाटेत विसावा घेत, एकमेकांची विचारपूस करत खाली येतात. वस्ताद अंघोळीला गेलेले पाहून त्याने कॉम्प्युटर उघडला. चिपवर बोटाएवढा पंखा बसवला, नको ते प्रोग्रॅम बंद केले, चिपचा वेग वाढवला. दगड तरी ढिम्म. शेवटी सेटिंगमध्ये सापडलं: गेमचा वेगच कुणीतरी निम्म्याखाली बांधून ठेवला होता. जावयाने तो मोकळा केला आणि सगळ्यांना हाक मारली.

"बसा बाबा! आज लाख होणारच."

वस्ताद बसले. दगड गारांसारखे कोसळले. त्यांचा अंगठा बटणापर्यंत पोचायच्या आत खेळ संपला. पुन्हा लावला. पुन्हा संपला.

"बिघडलंय हे," वस्ताद म्हणाले.

"छे! आत्ता कुठे सुधारलंय. कुण्या गाढवाने वेग बांधून ठेवला होता."

ओला शर्ट हातात घेऊन जावयाची बायको दारात उभी होती. ती शर्ट पिळत राहिली. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"तू?" वस्तादांनी विचारलं.

"हात जेवढा मंद होत गेला, तेवढा वेग कमी करत गेले, बाबा. दर आठवड्याला थोडा थोडा."

खोलीत फक्त त्या पंख्याची गुणगुण ऐकू येत होती. पंखा उत्तम चालला होता.

"म्हणजे माझं निदान बरोबर निघालं," जावई म्हणाला.

वस्तादांनी खुंटीवरची किल्ली काढली. "चला, जावईबापू."

"कुठे?"

"दुकानात. पहिली दाढी तुमची."

"पण लाख कुठे झाले?"

"होत आले होते. तुम्ही आडवे आलात. शब्द मात्र तुमचाच आहे."

शटर कण्हत वर गेलं. वस्तादांनी खुर्चीवरची धूळ झटकली, तीही जावयावरच. बायकोने त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळून मागे दोन गाठी मारल्या.

"अगं, तू तरी सांग ना त्यांना!"

"मी काय सांगणार? मी गाढव," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

ब्रशने थोडा फेस गालाला लागला, बाकीचा कानात गेला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा चार ठिकाणी चुकला आणि एका ठिकाणी पट्टाच कापला गेला. धार उत्तम होती. मग आरशात ते पातं हवेत थरथरत वर आलं.

"बाबा... हळू हं."

"हळू करणं पोरीला येत होतं," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी त्याची हनुवटी वर केली.