कर्त्याच्या रक्ताची पेटी

दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरच्या एका गावात त्या दिवशी कुणी कामाला म्हणून गेलं नव्हतं. सगळे उघड्या सभाघरात दाटीवाटीनं बसले होते आणि मधोमध मालाकाय नावाचा परगावचा पाहुणा काळी पेटी घेऊन बसला होता. पुरुषांनी काडी चाटून पेटीत खुपसायची. हिरवा दिवा लागला तर थोर पूर्वजाचं रक्त, लाल लागला तर ऐरागैरा.

"ही खूण बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला. बायकांत औषधालाही सापडायची नाही," मालाकाय म्हणाला. "पूर्वज होड्या हाकत आले ते हीच घेऊन. माझी पेटी तीन हजार वर्षं मागचं बघते."

फेलेतीला हिरवा लागला. पेसामिनोला लाल.

पेसामिनो लागीचा नवरा, नुकत्याच वारलेल्या म्हाताऱ्या कर्त्यानं दत्तक घेतलेला. शुक्रवारी घराण्याचा नवा कर्ता निवडायचा होता आणि घर, अळूसारख्या तारो कंदाची शेती कर्त्याच्याच हातात जायची. म्हाताऱ्याचा पुतण्या फेलेती कर्ता झाला, की दुसऱ्याच दिवशी या दोघांना बाहेर काढणार. या पाहुण्यालाही त्यानंच आणलं होतं.

आणि पाहुण्याचा गुडघा तिला सकाळपासून खुपत होता. गुडघा दुखतो म्हणून त्यानं पाय पसरले होते, आणि सभेत लोकांकडे पाय करणं म्हणजे अपमान, म्हणून वर चटई पांघरली होती. पण हाच गडी सकाळी दगडी कुंपणावरून उडी मारून आला होता. ती उठली.

"बस खाली. सुनेनं सभेत तोंड उघडायचं नसतं," शेजारून सासरच्या आत्याबाई कुजबुजल्या.

"बसवतंय कुठं, आत्याबाई." तिनं सभेत गावातर्फे बोलणाऱ्या वयस्क तोफाएच्या हाती एक चाटलेली काडी दिली. "फेलेतीच्या धाकट्या भावाची. तो समुद्रावर गेलाय."

तोफाएनं ती पेटीत खुपसली. हिरवा दिवा लागला. "बघा, सख्ख्या भावाचं तेच रक्त," मालाकाय म्हणाला.

"ती माझी थुंकी आहे," लागी म्हणाली. "बायकांत खूण नसते म्हणालात ना? मग मी कुणाचा मुलगा?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पेटी तापलीय, हवा दमट आहे, असं काहीबाही मालाकाय पुटपुटला.

"गुडघा दाखवा. मी दवाखान्यात नर्स आहे."

तो दाखवेना, तेव्हा तोफाएनं स्वतःच चटई उचलली. पायाच्या अंगठ्याखाली दोन बटणं होती आणि त्यांची वायर पेटीत गेली होती.

"खूण खरी असते," लागी म्हणाली. "मोठ्या प्रयोगशाळेत ती तपासतातही. पण ती या समुद्रातल्या कितीतरी बेटांवरच्या पुरुषांत आहे. डुकरं चोरणाऱ्यातही असेल. त्यानं कुणी कर्ता होत नाही. सहा वर्षं अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचं कुणी केलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. डोळे असताना पेटीला कशाला विचारता?"

तोफाए फेलेतीकडे वळला. "म्हाताऱ्याच्या पाठीवरची पडून पडून झालेली जखम कुठल्या बाजूला होती?"

फेलेती घुटमळला. "डावीकडे."

"जखम नव्हती," पेसामिनो हळूच म्हणाला. "मी होऊच दिली नाही."

शुक्रवारची निवड त्याच दुपारी उरकली, पेसामिनोच्या नावानं.