बरकतीची मूठ

फरहतने आपल्या तान्ह्या दुआची डावी मूठ उघडली आणि तोंड फिरवलं. आंबलेलं दूध, घाम, कपड्याचे बारीक धागे, सगळं तळव्याच्या घडीत कुजून बसलं होतं. ओल्या फडक्याने ती एकेक बोट सोडवू लागली. पोर कुरकुरली.

पण त्या वासापेक्षा जास्त शिसारी तिला ओट्यावरून येणाऱ्या आवाजाची आली. तिचे सासरे जमशेद शेजाऱ्याला नातीचं कौतुक सांगत बसले होते. जन्मापासून पोरीची ही मूठ मिटलेली. नशीब धरून आली, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी कापडाच्या दुकानाची किल्ली आधी या मुठीत कोंबायची, मगच शटर उघडायचं. पकड इतकी घट्ट, की किल्ली ओढून काढावी लागे. त्याचीही घरभर वाहवा!

काल वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी ती मूठ पाहिली आणि वाहवा काही केली नाही. मेंदूचा फोटो समोर धरून त्या म्हणाल्या, जन्माच्या सुमारास मेंदूतली एक नस तुंबली, तेवढा भाग दुखावला. म्हणून आठ महिन्यांची पोर सगळं एकट्या उजव्या हाताने घेते. डावा हात रोज उघडा, खेळवा, व्यायामाला आणा. मेंदू कोवळा आहे तोवर बरंच सुधारता येतं. हयगय केलीत तर हात आखडत जाईल.

आज व्यायामाचा पहिला दिवस होता.

"तयार झाली का आपली बरकत?" जमशेद किल्ली घेऊन आत आले. मागोमाग फरहतचा नवरा तौकीर.

"अब्बा, आता त्या हातात काई देऊ नका. आजारी हाय तो हात. डॉक्टरनं सांगतलं ना तुमाले."

"आजारी? अवं, याच हातावर दुकान चालून राह्यलं! मूठ उघडली तं धंद्याचं काय?"

पोरीचं काय, हे त्यांनी कालपासून एकदाही विचारलं नव्हतं. फरहतने नवऱ्याकडे पाहिलं. तो नखाने मोबाइलची काच खरवडत होता.

"आज हिले व्यायामाले न्यायचं हाय. तुमी येतो म्हनले होते."

"दुकानाचं होऊ दे ना आधी," तौकीर म्हणाला.

फरहतने पोरीचा डावा हात ओढणीखाली घेतला. जमशेद थबकले. मग तोड सापडल्यासारखे हसले आणि किल्ली त्यांनी दुआच्या उजव्या हातात दिली.

दुआने ती उलटसुलट करून पाहिली, चाटली, खुळखुळवली आणि खिदळत लांब फेकून दिली.

जमशेदांनी वाकून किल्ली उचलली, सदऱ्याला पुसली.

"हा हात काई कामाचा नाई," ते म्हणाले.

तौकीरने मान डोलावली.

फरहतने बुरखा चढवला, दुआला कडेवर घेतलं आणि वाशिमची गाडी गाठायला जऊळक्याच्या स्टेशनाकडे एकटीच निघाली.