गुहेच्या तोंडाशी चुंबळ

सूर्यमाळच्या टोकाला असलेल्या एका पाड्यावर या उन्हाळ्यात दोनच चुली पेटत होत्या, चैतीची आणि कोंडीची. बाकी सगळे भिवंडीकडे कामाला गेलेले. दोनच बायका उरल्या म्हटल्यावर त्यांनी एकमेकींना धरून राहायचं की नाही? पण नाही. 'तुझ्या हातानं पाणी गढूळ झालं' एवढ्यावरून गेल्या उन्हाळ्यात दोघींनी अबोला धरला होता, तो अजून सुटला नव्हता.

पाणी होतं डोंगराच्या पोटात. गुहेत आधी वाकून, मग सरपटत जावं, तेव्हा कुठं झिरा लागे. जुन्या माणसांनी रीत घालून दिली होती. आत जाणारीनं डोक्यावरची, हंड्याखालची कापडाची चुंबळ गुहेच्या तोंडाशी ठेवायची. मागून येणारीनं ती पाहून हाक द्यायची, आणि आतून कुणी ओ दिली नाही तर माणसं गोळा करायची. अबोल्यात चुंबळ तेवढी राहिली, हाक गेली. चुंबळ दिसली की दुसरी मुकाट माघारी फिरे आणि उन्हं कलल्यावर येई. तोंड बघायला नको! दोघींना हे फार सोयीचं वाटत होतं.

त्या दिवशी चैतीचा पाय शेवाळावरून घसरला. घोटा दगडांच्या फटीत पिळवटला आणि हातातली बॅटरी झिऱ्यात पडून विझली. डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय, अंधार तोच. चाचपडत निघावं असं तिच्या मनात आलं. पण उजेड गेला की जागचं हलायचं नाही, हे सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वाटेत एक खोल भेग होती. चैती बसून राहिली.

मग बाहेर खोकला वाजला. कोंडीचाच! चैतीच्या जिवात जीव आला. आता ही हाक देईल, मग आपण ओ देऊ, असं तिनं ठरवलं. पाय मुरगळून अंधारात बसलीय, तरी आधी बोलायचं कोंडीनंच! बाहेरची पावलं जरा थांबली आणि माघारी गेली.

तेव्हा कुठं चैती ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली, पण कोंडी तोवर लांब गेली होती. मग लहान पोरीसारखी मोठ्यानं रडली. रिकाम्या पाड्यात इतके दिवस काढले, पण इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. कोंडी पुन्हा येईल, पुन्हा चुंबळ बघेल आणि पुन्हा माघारी जाईल, हे तिला आता कळून चुकलं होतं.

घसरताना झिऱ्यात भिजलेल्या लुगड्यात अंग काकडून गेलं, तेव्हा खोकला परत ऐकू आला.

"कोंडे!" चैतीचा आवाज जेमतेम फुटला. "कोंडे, मी पडलीय गं!"

बाहेर हंडा आपटला. जरा वेळानं बॅटरीचा उजेड सरपटत आत आला आणि त्यामागून कोंडीचा मातीनं भरलेला चेहरा.

"मघाशीच हाक का नाय दिलीस?" ती रागानं म्हणाली.

"तू का नाय दिलीस?"

कोंडीनं पदराची चिंधी फाडून चैतीचा घोटा आवळून बांधला आणि तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"चुंबळ ठेवलीस ना बाहेर?" चैतीनं सवयीनं विचारलं.

"ठेवली. तुझ्या चुंबळीजवळच."

मग दोघी बॅटरीच्या उजेडात बाहेरच्या दिशेनं सरकू लागल्या. त्या दोन चुंबळी बघून हाक द्यायला पाड्यावर तिसरं कुणी उरलं नव्हतं.